पाच पौंडांत दोन तबकड्या : ‘लंडन कॉलिंग’ची घडण आणि प्रकाशन

वागळेकर

पंक संगीताविषयी आपल्याकडे एक समज घट्ट रुजलेला आहे. तिघाचौघांनी जमावे, गिटारी जेमतेम सुरात लावाव्यात, अंगात आले की वाजवावे आणि जे निघेल ते रेकॉर्ड करून मोकळे व्हावे, की झाला पंक अल्बम. वागळे इस्टेटीतल्या एका गाळ्यात मी जॅमरूम चालवतो, त्यामुळे हा समज मला उठता-बसता ऐकावा लागतो. सध्या आमच्याच बँडच्या पहिल्या अल्बमची जुळवाजुळव चालू आहे आणि ‘तालमी पुरे झाल्या, थेट स्टुडिओ बुक करू’ असा धोशा दोघांनी लावला आहे. त्या दोघांनी वाचावे आणि इतरांनीही मत द्यावे, म्हणून द क्लॅश या लंडनच्या बँडचा १९७९ सालचा ‘लंडन कॉलिंग’ कसा घडला, ते येथे सविस्तर मांडतो.

त्या वर्षीच्या वसंतात या बँडची अवस्था मुळीच हेवा करण्यासारखी नव्हती. १९७७ च्या पहिल्या अल्बमने नाव झाले होते आणि १९७८ च्या नोव्हेंबरात दुसराही येऊन गेला होता. मात्र मॅनेजर बर्नी ऱ्होड्सशी फाटल्यामुळे कॅम्डनमधली तालमीची जागा हातची गेली होती आणि जो स्ट्रमर व मिक जोन्स या गीतकार-संगीतकार जोडीकडे नवे असे जवळपास काहीच शिल्लक नव्हते. अशा वेळी पिम्लिको भागात मोटारींच्या एका गॅरेजच्या मागच्या अंगाला ‘व्हॅनिला’ नावाची जागा त्यांना मिळाली. बाहेरून पाहणाऱ्याला आत बँड वाजवत असेल अशी शंकाही येऊ नये, इतकी ती आडबाजूची होती. उन्हाळाभर त्यांचा क्रम ठरलेला असे. दुपारी जमायचे, समोरच्या मैदानात फुटबॉल खेळायचा आणि नंतर वाजवत बसायचे. फुकटे मित्र, पत्रकार, कंपनीची माणसे यांना तेथे फारसा थारा नव्हता. सुरुवातीला त्यांनी दुसऱ्यांचीच गाणी वाजवली, त्यात रेगे होते, रॉकाबिली होते, ऱ्हिदम अँड ब्लूज होते. त्या वाजवण्यातूनच हळूहळू स्वतःची गाणी उगवू लागली. स्ट्रमरने शब्द टंकून आणायचे, जोन्सने चाल लावायची, मग बेसवादक पॉल सिमोनन आणि ड्रमर टॉपर हेडन यांच्यासह चौघांनी ते गाणे उलटेपालटे करून पाहायचे, असा प्रकार होता.

या तालमींचे साध्या यंत्रावर ध्वनिमुद्रण होत असे. त्यातला एक संच नियोजित निर्माता गाय स्टीव्हन्स याला पोहोचवायचा होता. तो घेऊन निघालेला त्यांचा दौरा-व्यवस्थापक भुयारी रेल्वेत टेप विसरला. पुढे जोन्सला जुन्या खोक्यांत या तालमींच्या टेप सापडल्या आणि २००४ मध्ये, अल्बमच्या पंचविसाव्या वर्षी, त्या प्रसिद्ध झाल्या. माझ्या मते प्रत्येक नव्या बँडने आधी त्या ऐकाव्यात आणि मगच मूळ अल्बम ऐकावा. शीर्षकगीताचे शब्द त्यात अजून कच्चे आहेत, पण ठेका, थांबे, एका वाद्याने दुसऱ्यासाठी सोडलेली जागा, हे सर्व बरेचसे जागेवर आलेले आहे. ऑगस्टमध्ये हायबरी येथील वेसेक्स स्टुडिओत शिरताना त्यांच्या हाताला गाणी पाठ होती, म्हणूनच बहुतेक गाण्यांचा पाया एक-दोन टेकमध्ये, म्हणजे सलग वाजवून केलेल्या ध्वनिमुद्रणांत, पडू शकला.

स्टीव्हन्सविषयी स्वतंत्र लिहायला हवे. हा मॉट द हूपल या बँडचा निर्माता, रॉकचा चालताबोलता कोश, आणि दारूने पोखरलेला माणूस. सीबीएस या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला तो नको होता. स्ट्रमरने त्याला लंडनच्या एका पबातून शोधून काढले. वाजवणाऱ्यांच्या अंगात वीज संचारावी म्हणून तो खुर्च्या भिरकावत असे, शिडी गरागरा फिरवत असे, आणि स्ट्रमर वाजवत असताना त्याने पियानोत दारू ओतल्याची हकीकत तर सर्वश्रुतच आहे. लोकांना नेमके हेच आठवते आणि तेवढेच करावेसे वाटते. व्हॅनिलातला उन्हाळा कोणाला आठवत नाही.

---

तिहाई

लेख आवडला. मी ऐरोलीची, आधी तबला शिकले आणि आता ड्रम वाजवते, म्हणून लयीपुरते लिहिते.

वेसेक्समध्ये अगदी आरंभी ध्वनिमुद्रित झालेले गाणे म्हणजे ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’. व्हिन्स टेलरचे १९५९ चे जुने गाणे यांनी पुन्हा वाजवले होते. टेक संपल्यावर हेडनने सांगितले की लय वाढली आहे, पुन्हा घेऊ. त्यावर स्टीव्हन्सचे उत्तर असे होते की रॉक अँड रोलमध्ये लय वाढतेच, आणि तो टेक कायम झाला. आपल्याकडच्या मुलांनी ही गोष्ट ऐकून ‘क्लिक (लय धरून ठेवणारी कानातली टिकटिक) लावणे हा पंकचा अपमान आहे’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे.

त्यात एक बारकावा सुटतो. लय वाढली हे सर्वांत आधी ज्याच्या लक्षात आले, तो हेडन होता. त्याचा हात इतका पक्का होता की हे गाणे पुढे सरकले तरी चौघे मिळून सरकले. ड्रम पुढे आणि बेस मागे अशी ओढाताण त्यात कोठेही ऐकू येत नाही. द्रुत गतीला लय चढत जाणे वेगळे आणि हातातून लय सुटणे वेगळे, हे आमच्या गुरुजींनी तबल्याच्या पहिल्या वर्षीच बजावले होते. शिवाय याच अल्बममध्ये ‘जिमी जॅझ’ची रमतगमत चाल आहे, ‘रुडी कान्ट फेल’मधला स्का या जमैकन शैलीचा उसळता ठेका आहे आणि ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’चा जड रेगे आहे. एवढे सगळे ठेके एका माणसाने निभावून नेणे अंगात आल्याने जमत नाही. पुष्कळ वर्षांची मेहनत लागते.

---

मिठागर

गेली बरीच वर्षे तुर्भ्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो. वरील दोन्ही प्रतिसादांत ज्याचे नाव आले नाही, त्याचे नाव घेतो : ध्वनिअभियंता बिल प्राइस. स्टीव्हन्स शिडी फिरवत असताना काचेच्या पलीकडे बसून पातळ्या सांभाळणारा हा माणूस होता. सेक्स पिस्टल्स या बँडचा १९७७ मधला अल्बमही त्यानेच, निर्माता क्रिस थॉमससोबत, याच वेसेक्समध्ये केला होता. म्हणजे ब्रिटिश पंकचे दोन मोठे अल्बम एकाच खोलीतून आणि एकाच जोडी कानांतून गेले आहेत. वेसेक्स ही मूळची चर्चच्या सभागृहाची इमारत, छत उंच, त्यामुळे ड्रमला मोकळा श्वास मिळाला.

चौघांनी एकाच वेळी वाजवायचे ठरवले की प्रत्येक माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज झिरपतो. गिटारवादकाने एक सूर चुकवला, तर तो स्नेअर या ड्रमच्या माइकमध्येही पकडला जातो आणि नुसती गिटार पुन्हा घेऊन तो पुसता येत नाही. म्हणून एकत्र वाजवण्याची पद्धत ऐकायला रांगडी वाटली तरी तिला तालीम अधिक लागते. तुकड्या-तुकड्याने ध्वनिमुद्रण करणाऱ्याला संगणकावर दुरुस्ती करता येते, एकत्र वाजवणाऱ्याला ती सोय फार थोडी असते.

बरे, या अल्बममध्ये सगळेच सरळ एकत्र वाजवलेले आहे असेही नाही. ‘द कार्ड चीट’ या गाण्यातला प्रत्येक भाग दोनदा वाजवून एकावर एक चढवला आहे, म्हणून ते इतके भरगच्च वाटते. सप्टेंबरात अमेरिकेचा दौरा करून आल्यावर नोव्हेंबरात राहिलेले थर चढवून मिक्सिंग झाले. ब्लॉकहेड्स या बँडमधल्या मिकी गॅलघरचा ऑर्गन आणि भाड्याने बोलावलेल्या वादकांचे ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्ये, हे सगळे आधी डोक्यात धरून पाया घातलेला होता.

आपल्याकडचा प्रश्न निराळाच आहे. गाळ्यातच ध्वनिमुद्रण करू म्हणणारे बँड माझ्याकडे जून-जुलैत येतात. पत्र्याच्या छतावर पावसाची सर आली की ड्रमच्या वर टांगलेले ओव्हरहेड माइक ड्रम कमी आणि पाऊस जास्त उचलतात. शटरवर गोधड्या टांगा, दाराच्या फटीत चिंध्या कोंबा, छताचा आवाज थांबत नाही. आणि पाऊस थांबला की मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू होतो, ज्याच्या ढोलाचा खर्ज दोन भिंती ओलांडून थेट किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमच्या, माइकमध्ये येतो. वागळेकर, गणपती होऊन जाऊ द्या, मग तारखा घ्या.

---

उगाच_एक

सर्व वाचून मूळ मुद्द्यालाच हरकत घ्यावीशी वाटते. सीबीएससारख्या बलाढ्य कंपनीच्या पैशावर, नामांकित स्टुडिओत, काही आठवडे खपून केलेला दुहेरी अल्बम हा वागळे इस्टेटीतल्या गाळ्याला आदर्श म्हणून कसा दाखवता येईल? आपल्याला जवळचे उदाहरण मँचेस्टरच्या बझकॉक्सचे आहे. त्यांनी ओळखीपाळखीतून ५०० पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ रोजी एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली, आणि २९ जानेवारी १९७७ रोजी स्वतःच्या लेबलवर ‘स्पायरल स्क्रॅच’च्या १,००० प्रती काढल्या. कोणते गाणे कितव्या टेकचे आहे, हेही त्यांनी वेष्टनावर छापले होते. पुढे त्या तबकडीच्या सुमारे १६,००० प्रती खपल्या. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा १९७६ चा पहिला अल्बम घ्या : १४ गाणी, २९ मिनिटे, ६,४०० डॉलर, सुमारे आठवडाभराचे काम. तुमच्या त्या दोघा मित्रांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

---

वागळेकर

उगाच_एक, उदाहरणे चोख दिलीत, पण ती माझ्याच बाजूची आहेत. रामोन्सने १९७६ च्या फेब्रुवारीत स्टुडिओत पाऊल ठेवले तेव्हा ते १९७४ च्या ऑगस्टपासून न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमध्ये तीच गाणी वाजवत होते. आठवडाभरात अल्बम होण्यामागे प्रेक्षकांसमोरचे दीड वर्ष होते. बझकॉक्सही १९७६ च्या जुलैपासून रंगमंचावर होते आणि त्यांना फक्त चार गाणी करायची होती. स्टुडिओचे तास कमी, म्हणजे तालमीचे तास कमी, असे समीकरण तिघांपैकी कोणाच्याही बाबतीत बसत नाही. आमच्या बँडने मात्र आजवर लोकांसमोर जेमतेम अर्धी गाणी वाजवली आहेत.

कंपनीच्या पैशाचा मुद्दा मान्य, पण त्याच कंपनीशी ही मंडळी कशी वागली तेही पाहावे. दुहेरी अल्बम म्हणजे दुप्पट किंमत, हा तेव्हाचा शिरस्ता होता आणि आपल्या वयाच्या बेकार पोरांना ती परवडणार नाही, हे बँडला ठाऊक होते. सीबीएस दुहेरी अल्बमला राजी नव्हती. तेव्हा त्यांनी अल्बमसोबत एक बारा इंची सिंगल फुकट देण्याची परवानगी मागितली आणि कंपनीने ती दिली. एकदा बारा इंची तबकडी पदरात पडल्यावर तीत एकच गाणे असले पाहिजे असे कोण म्हणतो? तिच्यावर पाहता पाहता नऊ गाणी चढली. १४ डिसेंबर १९७९ रोजी १९ गाण्यांचा हा ऐवज सुमारे पाच पौंडांत, म्हणजे एका तबकडीच्या भावात, दुकानांत आला. ब्रिटनच्या यादीत तो नवव्या क्रमांकापर्यंत गेला आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेत प्रकाशित झाल्यावर तेथे सत्ताविसाव्या. मला यातली बनियागिरी फार भावते. एवढ्यावर न थांबता पुढच्या वर्षी ‘सँडिनिस्टा!’ या तीन तबकड्यांच्या अल्बमसाठी ते आपल्या रॉयल्टीवर पाणी सोडायलाही तयार झाले. तेथे मात्र त्यांचा हट्ट संगीताला जड गेला, असे माझे मत आहे. ३६ गाण्यांपैकी निम्मी गाळली असती तरी चालले असते.

---

जुनी_तबकडी

नौपाड्यात राहतो, निवृत्त आहे. रॉकच्या तबकड्या गोळा करण्याचे व्यसन काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसने लावले. ते दुकान २०१६ मध्ये बंद पडले, व्यसन तसेच राहिले. तरुण मंडळी गाण्यांविषयी बोलत आहेत तर मी वेष्टनाविषयी बोलतो, कारण प्रकाशनात त्याचा वाटा मोठा आहे.

मुखपृष्ठावर सिमोनन दोन्ही पाय फाकवून, कमरेत वाकून आपला बेस जमिनीवर आपटतो आहे. न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये २० सप्टेंबर १९७९ च्या कार्यक्रमात पेनी स्मिथ या छायाचित्रकार बाईंनी ते टिपले. तेथे प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठू दिले जात नव्हते आणि त्याच वैतागात त्याने बेस फोडला. छायाचित्र किंचित अस्पष्ट आहे, म्हणून खुद्द बाईंनाच ते वापरायला नको होते, पण स्ट्रमर आणि मांडणीकार रे लॉरी यांनी त्यांचे ऐकले नाही. लॉरी यांनी डाव्या कडेला गुलाबी आणि खालच्या कडेला हिरवी अक्षरे घातली, ती एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमवरून उघडउघड उचललेली आहेत. एल्व्हिस गिटार छातीशी धरून गातो आहे आणि येथे बेसचे तुकडे होत आहेत, यातली खोच ओळखीच्या माणसाला चटकन कळते. ब्रिटिश टपाल खात्याने २०१० मध्ये या मुखपृष्ठाचे तिकीटही काढले.

वेष्टनावर गाण्यांची यादी वाचाल तर अठराच भरतात. ‘ट्रेन इन व्हेन’ हे शेवटचे गाणे एका संगीत साप्ताहिकासोबत फुकट वाटण्यासाठी केले होते. तो बेत फिसकटला आणि गाणे अल्बमला जोडले, तोवर वेष्टन छापून झाले होते. मग त्याचे नाव चौथ्या बाजूच्या शेवटच्या, सुई थांबते त्या मोकळ्या पट्टीवर कोरले. तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, तर ती ओरखड्यासारखी अक्षरे उमटून दिसतात. गंमत अशी की अमेरिकेत सर्वाधिक चालले ते हेच गाणे, पहिल्या तिसांत गेले.

---

कलमदान

काकांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. व्यवसायाने वकील असल्यामुळे एक-दोन रुक्ष गोष्टी जोडतो.

सिमोननने ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ हे पहिले गाणे लिहिले आणि स्वतः गायले, त्यामागे एक कारण रोकडे होते. बँडसाठी कपडे आणि भित्तिचित्रे रंगवून पैसा मिळत नाही, गाणी लिहिणाऱ्यालाच मिळतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सुरक्षित केला आहे. कायदेशीर वारस किंवा प्रताधिकार संस्था वगळता तो कोणाच्या नावे करून देता येत नाही. त्यामुळे ‘सगळे हक्क आम्हाला द्या, आम्ही तुमचा अल्बम काढतो’ असा कागद कोणी पुढे केला, तर सही करण्याआधी कोणाला तरी दाखवा. आणि बँडमध्ये कोणी काय लिहिले, हे ध्वनिमुद्रणापूर्वीच लिहून ठेवा. मैत्री असते तोवर हे काम पाच मिनिटांचे असते.

दुसरे असे की ‘लंडन कॉलिंग’वर ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’, ‘राँग एम बॉयो’ आणि ‘रेव्होल्यूशन रॉक’ ही तीन गाणी दुसऱ्यांची आहेत. वागळेकर, तुमच्या अल्बमवरही एक जुने मराठी गाणे पंक अंगाने करायचे आहे, असे तुम्ही मागे लिहिले होते. मूळ हक्कदाराने परवानगी दिली तर प्रश्नच नाही. नाही दिली तर जुने गाणे नव्याने वाजवून ध्वनिमुद्रित करू देणारे कायद्याचे कलम ३१ सी आहे, पण त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. आणि मुळात मनाला येईल तसा बदल करण्याची मुभा ते कलम देत नाही. पंक अंगाने करायचे म्हणजे बदल आलाच.

---

वागळेकर

सर्वांचे आभार. काल रात्री हा धागा त्या दोघांसमोर ठेवला आणि बराच वेळ वादावादी झाली. ठरले ते असे. ते जुने गाणे आम्ही अल्बममधून काढले. कार्यक्रमात वाजवू, अल्बमवर नको. स्टुडिओच्या तारखा गणपतीनंतरच्या, तुर्भ्याच्या. तोवर गाळ्यात दर रविवारी तालीम होईल आणि प्रत्येक तालीम फोनवर ध्वनिमुद्रित करून पुढच्या तालमीआधी ऐकायची, अशी अट मी घातली आहे. गाणी कोणाची हे कागदावर आले, त्यात आमच्या बेसवादकाचे, म्हणजे माझे, एकही नाही, हे पाहून सिमोननचे म्हणणे मला एकदम पटले.

एक शंका शिल्लक आहे. तिहाई, चौघांनी एकत्र वाजवताना ड्रमरच्या कानात क्लिक असावा की नसावा?

---

तिहाई

तालमीत असावा आणि टेकच्या वेळी काढून टाकावा. आरंभीचे चार ठोके क्लिकवर घ्या आणि मग तो बंद करा. गाण्याच्या शेवटी लय किती चढली ते मोजा. सगळ्या टेकमध्ये ती साधारण सारखीच चढत असेल, तर ती गाण्याची गरज आहे असे समजा आणि हात लावू नका. प्रत्येक टेकमध्ये वेगळी चढत असेल, तर आणखी काही रविवार लागतील.

---

मिठागर

तिहाईंशी सहमत. येताना ड्रमची कातडी नवी चढवून आणा, आणि ती निदान दोन दिवस आधी चढवा, कारण नवे कातडे ताणले जाईपर्यंत स्नेअर सुरात राहत नाही. तारखांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.